तिसरी हाक

घासाघीस करण्यात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मी परवापरवापर्यंत सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही. विचारलं तर सांगतो, पण हळू आवाजात.

माझी पद्धत साधी आहे. वस्तू हातात घ्यायची आणि तिच्याकडे असं बघायचं, की जणू तीच आपल्याला विकत घ्यायला आली आहे. भाव विचारायचा. दुकानदाराने सांगितला की वस्तू हळूच खाली ठेवायची आणि एक अक्षर न बोलता पाठ फिरवून चालू लागायचं. मागून हाक येते, "अहो काका, ऐका तर." इथेच बहुतेक माणसं फसतात. पहिल्या हाकेला वळलात की दुकानदार ओळखतो, याला वस्तू हवी आहे. दुसऱ्या हाकेला वळलात तर किरकोळ काहीतरी सुटतं. मी तिसऱ्या हाकेला वळतो. तेही सावकाश, चपलेचा अंगठा बघायला थांबल्यासारखा. घरातलं कपाट, माझी सायकल, छताचा पंखा, सगळं तिसऱ्या हाकेला आलेलं आहे. पंखा फिरताना खोकतो, पण त्यात भावाचा दोष नाही.

धंदा माझा शिलाई मशीन दुरुस्तीचा. अक्षरं मी फार उशिरा शिकलो, पण आकडे आधीपासून येत होते, कारण सुयांवर आकडेच असतात. त्यामुळे मशीन दुरुस्त झालं की ते आडवं करायचं आणि कानशीच्या टोकाने खालच्या लोखंडावर माझा फोन नंबर कोरायचा, ही माझी सवय. नाव नाही, पत्ता नाही, नुसता नंबर. चिठ्ठी तेलात विरघळते, कोरलेलं राहतं. शहरातली निम्मी मशिनं पोटाशी माझा नंबर घेऊन उभी आहेत. मला दुकान नाही आणि पाटीही नाही. तो नंबर हेच माझं दुकान.

हे ध्यानात ठेवा. मी त्या वेळी ठेवलं नाही.

तर सुट्टीच्या दिवशी जावई आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "बाबा, तुम्ही फोनचे महिन्याला किती भरता?"

मी सांगितलं. जावयांनी कप खाली ठेवला.

"मी याच्या निम्मे भरतो. कंपनी तीच."

"असं कसं?"

"मी नवीन गिऱ्हाईक ना. नव्या गिऱ्हाइकांना सवलत असते."

"आणि जुन्यांना?"

"जुने कुठे जातात?" जावई म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट बुडवलं.

ते अगदी साधेपणाने बोलले, पण मला ते थेट बरगडीत लागलं. जुने कुठे जातात! आयुष्यभर मी दुकानांतून निघून जात आलो, आणि इथे एक कंपनी इतकी वर्षं माझ्या पाठीची वाट बघत दुप्पट पैसे घेत होती.

बायको म्हणाली, "अहो, फोन करून विचारा ना. जुनं गिऱ्हाईक आहे, काही कमी होईल का, म्हणावं."

"विचारायचं? अगं, विचारलं की लोक नाही म्हणतात. निघालं की हो म्हणतात."

"निघून जाणार कुठे? फोन तर तुमच्याच खिशात."

बायकांना व्यापारातलं बारीकसारीक कळत नाही, असं मी जावयांकडे बघून म्हणालो. जावई बिस्किटाकडे बघत राहिले. त्यांचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला फोन लावला. आधी यंत्रातली बाई आली. हे दाबा, ते दाबा. तिच्याशी घासाघीस करून बघितली, पण ती आपलंच बोलत राहिली. मग एक खरी मुलगी आली.

"बोला काका, काय मदत करू?"

"माझा महिन्याचा दर काय?"

तिने सांगितला. आता वस्तू खाली ठेवायची वेळ. फोनवर वस्तू नसते, म्हणून मी फोनच टेबलावर ठेवला, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि परत उचलला.

"काका? आहात ना?"

"आहे. पण निघालो."

"कुठे?"

"तुमच्याकडून."

"म्हणजे सेवा बंद करायची आहे का तुम्हाला?"

आवाजात जरासुद्धा हलणं नाही. चांगली कसलेली दुकानदारीण वाटली. पण मीही काही काल बाजारात आलो नव्हतो.

"करून टाका."

"नक्की ना, काका?"

"नक्की."

"ठीक आहे. विनंती नोंदवली आहे. आमच्याकडून तुम्हाला फोन येईल."

फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "ऐकलंस? हाक येणार आहे."

पहिली हाक दुपारी आली. मी एका मशीनचा पट्टा बदलत होतो. कंपनीचा नंबर ओळखला आणि पट्टा बदलत राहिलो.

"वाजतोय," बायको म्हणाली.

"वाजू दे. पहिली आहे."

दुसरी संध्याकाळी आली. फोन टेबलावर थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकला. बायकोने तो पडू नये म्हणून बोटाने मागे ढकलला, पण उचलला नाही. एकमेकांचा वेडेपणा सांभाळायची आमच्या घरात अशी जुनी रीत आहे. त्यानंतर फोनवर कंपनीचे दोन-तीन संदेशही येऊन पडले. ते मी वाचले नाहीत. इतक्या उशिरा, इतक्या कष्टाने शिकलेली अक्षरं माणसाने फोन कंपनीवर खर्च करू नयेत, असं माझं मत होतं.

तिसरी हाक दुसऱ्या दिवशी सकाळी आली. या वेळी नंबर वेगळा होता. मी म्हटलं, आता वरचं माणूस बोलणार. फोन पुरता वाजू दिला आणि बंद पडायच्या बेताला उचलला.

"काका, अहो कुठे आहात तुम्ही?" कोणी बाई होती, मागे खडखडाट चाललेला. "तुमच्यावाचून सगळं काम अडलंय इथे."

"अडणारच," मी म्हणालो.

"मग येताय ना?"

"ते भावावर आहे."

"भावावर? आजवर भावाचं कधी बोललो का आपण?"

"बोललो नाही, म्हणून तर हे झालं. नव्या माणसाला एक भाव, जुन्याला दुसरा. मला सगळं कळलंय."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"जावयांनी."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "बरं काका, खोटं कशाला बोलू? झालं तसं. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारख्या जुन्या माणसाला मी तोडीन का? तुम्हालाही तेवढंच देते."

"तुम्ही मला देणार?"

"हो. नेहमीच्या दुप्पट देते. पण या."

मी फोन कानापासून दूर धरून एकदा त्याच्याकडे बघून घेतलं. निम्मा दर मागायला निघालो होतो, आणि कंपनी मलाच दुप्पट द्यायला तयार होती! भाव उतरताना मी पुष्कळ बघितले, पण उतरत उतरत जमिनीच्या खाली जाताना पहिल्यांदाच बघत होतो. बोलणं चालू असताना फोनमध्ये मध्येच टूं टूं असा आवाज येत होता. तिकडे मी लक्ष दिलं नाही.

इथे वळायला हवं होतं. नियम तिसऱ्या हाकेचा. पण मला हाव सुटली.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. चौथ्या हाकेला कंपनी आणखी काय काय देईल, याचा अंदाज मी दिवसभर करत होतो.

चौथी हाक आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसती कंपनीच नव्हे, कोणीच फोन करेना. घर इतकं शांत झालं की पंख्याचं खोकणं नीट ऐकू येऊ लागलं. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघाही दिसेनाशा झाल्या होत्या.

"बंद केला वाटतं त्यांनी," बायको म्हणाली.

"रुसलेत. दुकानदारही कधी कधी अर्धं शटर ओढून बसतो."

त्यानंतर दोन दिवसांनी दारावर अगदी हलकी टकटक झाली. बायकोने दार उघडलं. बाहेर पडदेवाल्या ताई उभ्या होत्या. यांचा खिडक्यांचे पडदे शिवायचा कारखाना आहे. सहा मशिनं, सगळी माझ्या हाताखालून गेलेली. एरवी त्यांचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून येतो. त्या दिवशी त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि खालच्या पट्टीत म्हणाल्या, "कसं झालं हो हे?"

"काय कसं झालं?"

तेवढ्यात आत चहा पीत बसलेला मी त्यांना दिसलो. ताईंनी बायकोचा हात सोडला.

"हे तर जिवंत आहेत!"

"मग?" मी म्हणालो.

"मग काय मग? तीन दिवस फोन लावतेय. हा नंबर अस्तित्वात नाही, म्हणतात. मला वाटलं, नंबरवालाच अस्तित्वात नाही. आणि त्या दिवशी मेलं जाड कापडाचं मशीन टाका सोडायला लागलं म्हणून वहिनीच्या फोनवरून तुम्हाला फोन केला, तर भाव काय सांगता, विचार काय करता! मागे तुम्ही बाहेरगावी होतात तेव्हा एका नव्या मेकॅनिकला बोलावलं, त्याला दुप्पट दिले, कबूल. पण ते तुमच्या जावयांना कसं कळलं, तेवढं मला सांगा."

बायको स्वयंपाकघरात गेली. भांडी घासायची नव्हती, तरी तिने ती घासायला घेतली. तिला हसायचं असलं की ती भांडी घासते.

मी जे झालं ते सगळं ताईंना सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"काका, माझं एक मशीन अडलं तर मला तुमचं घर माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना कुठे माहीत आहे? कोणाचं बिघडलं की ते आडवं करणार, खालचा नंबर लावणार, आणि म्हणणार, गेला वाटतं म्हातारा. मग नव्याला बोलावणार. तो काय, दुप्पटवाला आहेच."

चहा माझ्या हातात निवून गेला. शहरभर आडवी होणारी मशिनं मला डोळ्यांसमोर दिसू लागली.

त्याच तासाला मी आणि बायको कंपनीच्या दुकानात गेलो. काचेचं दुकान, आत गारवा, काउंटरमागे टाय लावलेला एक तरुण. त्याने माझा नंबर टाकून बघितला.

"काका, तुम्ही स्वतःच बंद करा म्हणालात."

"म्हणालो. पण तसं म्हणायचं असतं."

"आम्ही तीन वेळा फोन केला. दोनदा तुम्ही उचलला नाहीत. तिसऱ्या वेळी तुम्ही दुसऱ्या कोणाशी बोलत होतात. शिवाय संदेशही पाठवले, बंद करायचं नसेल तर नुसतं 'नाही' कळवा म्हणून."

"आणि फोन उचलला असता तर?" बायकोने विचारलं.

"जाणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला आम्ही पहिल्याच फोनला निम्मा दर सांगतो. तोच नियम आहे. अहो, नुसतं विचारलं असतं तरी दिला असता."

बायको दुकानाच्या छताकडे बघू लागली. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. ती एक शब्दही बोलली नाही, आणि तो शब्द मला अजून ऐकू येतो.

"मग आता?" मी म्हणालो.

"आता दोन मार्ग आहेत. नवा नंबर घ्या, नव्या गिऱ्हाइकाचा निम्मा दर लगेच मिळेल. नाहीतर जुना नंबर परत सुरू करून देतो. तो अजून कोणाला गेलेला नाही. पण त्याला जुनाच दर लागेल. आणि सुरू करायचे वेगळे."

निम्मा दर! जावयांएवढा! समोर मांडून ठेवलेला, हात पुढे करायचा अवकाश. आणि दुसऱ्या बाजूला शहरभर लोखंडावर कोरलेले आकडे. लोखंड खोडरबराने पुसता येत नाही.

"जुना नंबर आणि निम्मा दर," मी म्हणालो.

"नाही जमणार, काका."

मी काउंटरवरचा एक विकाऊ फोन उचलला आणि हळूच परत खाली ठेवला. पाठ फिरवली आणि चालू लागलो. बायकोने "अहो" म्हटलं, पण ती हाक धरायची नसते. एक एक पाऊल सावकाश टाकत, कान मागे ठेवून मी दारापर्यंत आलो. मागे कोणीतरी कीबोर्ड बडवत होतं, एवढंच. चपलेचा अंगठा बघायला थांबलो. तेवढ्यात समोरचं काचेचं दार आपोआप उघडलं.

आजवर इतक्या दुकानांतून निघालो, पण मला जायला इतकी मदत कोणत्याच दुकानाने केली नव्हती.

दारात तसाच उभा राहिलो. दार बंद होऊ बघायचं, मला बघून परत उघडायचं. शेवटी टायवाला म्हणाला, "काका, आत या नाहीतर बाहेर जा, गारवा चाललाय." ही हाक धरावी की नाही, याचा मी फार विचार केला नाही. वळलो. जुन्या नंबरचे, जुन्या दराचे आणि सुरू करायचे, सगळे पैसे भरले.

तिथून थेट पडदेवाल्या ताईंकडे जाऊन मशीन दुरुस्त केलं. सुई उलटी बसवली होती, दुसरं काही नव्हतं. ताईंनी नेहमीचे पैसे हातावर ठेवले. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाल्या, "दुप्पट कंपनीकडून घ्या."

नंबर दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि मनाशी ठरवलं, आता पहिल्याच हाकेला वळायचं. दुपारी वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला. कंपनीच होती.

"काका, जुन्या गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडे एक खास—"

"हो," मी म्हणालो.

"आधी ऐकून तर घ्या."

"हो म्हणालो ना. द्या."

ते निघालं गाणं. कोणीही मला फोन केला की मी उचलेपर्यंत त्याला कंपनीने निवडलेलं एक प्रेमाचं गाणं ऐकू येतं, आणि त्याचे पैसे दर महिन्याला माझ्याकडून जातात. पडदेवाल्या ताई सांगत होत्या, त्यांच्या कारखान्यात माझा नंबर लावून फोन मोठ्या आवाजात ठेवतात आणि सगळ्या बायका एका तालात पायडल मारतात. मी लवकर उचलला तर रागावतात.

जावई म्हणाले, "बाबा, काढून टाका ते. कंपनीला फोन करायचा आणि सांगायचं, बंद करा."

बायकोने मला त्यांच्यासमोर फोन दिला. मी तो परत टेबलावर ठेवला. त्या कंपनीला 'बंद करा' एवढे दोन शब्द सांगण्याची माझी छाती आता राहिलेली नाही.

तेव्हा तुमचं मशीन कधी अडलं, तर ते आडवं करा, खालचा नंबर लावा आणि थोडं गाणं ऐका. पहिल्या कडव्याच्या आत मी उचलतोच.