संबंध तोडणारा प्रल्हाद

आमच्या प्रल्हादनं एकदा सत्यनारायणाच्या पूजेत भटजींनाच "टाइमआउट" म्हणून हात केला होता. भटजी बिचारे फक्त ढेकर द्यायला थांबले होते.

कळमनुरीत माझं पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे, आणि वरच्या माडीवर हा पठ्ठ्या कॉम्प्युटर मांडून बसतो. पुण्याची नोकरी सोडून आला आणि मोबाइलवर हळदीचे भाव दाखवणारा सर्व्हर एकट्यानं उभा केला. त्याच्या मते जगात दोनच गोष्टी. आलेल्याला कोण सामोरं जाणार, तो हँडलर. आलेला गप्प बसला तर किती वेळ थांबायचं, तो टाइमआउट. "लायब्ररीत सगळं तयार मिळतं काका, आपण फक्त आकडे भरायचे," म्हणाला. ही लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम, हे कळेपर्यंत मी आठवडाभर गावच्या वाचनालयात तसलं पुस्तक मागून राहिलो होतो.

आता आमच्याकडची रीत अशी, की माणूस कामाला आला तरी "काही न्हाई, सहज" म्हणतो, पाणी पितो, छताकडं बघतो आणि निघताना उंबऱ्यात काम सांगतो. प्रल्हादकडं उंबऱ्यापर्यंत कुणाची मजलच जायची नाही. छताकडं बघितलं की टाइमआउट, आणि ह्याची खुर्ची फिरली. एक जण मुलीच्या लग्नाचं आवतन द्यायला आला होता. ते तिच्या लेकराच्या बारशाला पोचलं.

सर्व्हरलाही हीच शिस्त. समोरून मागणी निम्मी आली आणि पुढं शांतता, की दार बंद. दार लावताना दाखवायचं इंग्रजी वाक्य त्यानं स्वतः मराठीत केलं: ‘आपण वेळेत बोलला नाहीत. आपल्याशी असलेला संबंध तोडण्यात येत आहे.’ खाली स्वतःचं नाव, ठळक.

हे पहिलं कुणाला जावं? साखरा गावच्या त्याच्या सासऱ्याला. तिथलं नेटवर्क लिंबाच्या शेंड्यावर राहतं, वारा आला तर खाली उतरतं. म्हाताऱ्यानं भाव विचारला, तो वाटेत अडकला, आणि हातात जावयाच्या नावाची फारकत आली. प्रल्हादची बायको सुनंदा तेव्हा भावाच्या लग्नासाठी माहेरीच होती. सगळी भावकी बसली, फोन हातोहात फिरला, आणि सासऱ्यानं कळवलं, "तुमीच लिहून दिलं जावाईबापू. आता पोरगी न्हाई येणार."

"मामा, ते तुमाला न्हाई, कनेक्शनला हाय."

"कनेक्शन म्हंजे संबंधच न्हाई का? मला येडं समजून राहिले का तुमी?"

प्रल्हाद वाळून अगरबत्तीएवढा झाला. एका दुपारी माझ्या दुकानात येऊन गुमान बसला.

"काहून आला रे?"

"काही न्हाई, सहज."

पाणी प्याला. छताकडं बघितलं. उंबऱ्यात म्हणाला, "काका, सुनंदाबिगर करमत न्हाई."

"मंग ते वाक्य बदल ना, येड्या."

तो वर पळाला, मागोमाग मी. वाक्य बदललं: ‘बसा निवांत. भाव येऊन राहिला.’ मग टाइमआउटच्या जागी त्यानं शून्य भरलं.

"शून्य? म्हंजे आल्या पावली हाकलतो का मामाला?"

"न्हाई काका. हितं शून्य म्हंजे कधीच उठवायचं न्हाई."

"सगळ्यांनाच?"

"न्हाई. साखऱ्यापुरता वेगळा हँडलर बसवला. कळमनुरीनं लवकर बोलावं."

त्यानं सासऱ्याला नवा पत्ता पाठवला. तिकडून हो नाही की ना नाही. दोन आठवडी बाजार उलटले, आणि एका सकाळी मी माडीवर चहा पीत असताना त्याचा फोन वाजला. सुनंदाचा. प्रल्हादनं तो कानाला लावला आणि एक शब्द बोलला नाही. पलीकडचं मला काही ऐकू येईना. माझा चहा संपला. दुसरा माणूस असता तर त्यानं हॅलो हॅलो करून घसा बसवला असता. हा मात्र डोळे मिटून ऐकत होता.

"रुसली का रे? काही बोलून राहिली का?"

त्यानं फोनवर हात ठेवला. "माझ्याशी न्हाई. यष्टीत हाय. कंडक्टरनं विचारलं, कुठं."

"मंग?"

"म्हणली, ‘कळमनुरी, एक लेडीज.’"

आणि फोन परत कानाला लावून तसाच बसला.