गोजराकाकूंची मांडी आणि नवी मांजरी

एका जंगलात, बाळांनो, जिथे वाघसुद्धा जेवल्यावर वामकुक्षी घ्यायचा, तिथे गोजराकाकू राहायच्या. पळसाच्या पत्रावळी लावायच्या आणि बाजाराला न्यायच्या. जंगलात बाजार कुठला, असं विचारू नका. गोष्टीत असतो.

काकूंच्या घराला दोन खोल्या. पुढच्या खोलीत चूल, मागच्या खोलीत अडगळ. चुलीपाशी काकू बसायच्या आणि काकूंच्या मांडीवर मथी. मथी ही थोरली मांजरी. धाकटा बोका दादू पायाशी पडलेला असे. दादूचं कशावर काही म्हणणं नसायचं. म्हणणं मथीचं असायचं, दादू मान हलवायचा.

एके दिवशी काकूंनी पानांच्या भाऱ्याबरोबर एक नवी मांजरी आणली. पिंगी तिचं नाव. अंगाने नुसती काडी.

मथीला दुधाची काळजी नव्हती हो. मांडी एक आणि मांजरी दोन, हे तिला दिसत होतं. मांडी गेली तर या घरात आपण कोण, या विचाराने ती घाबरली.

पण असं तोंडाने कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "काकू, ठेवा की तिला. माझी काही ना नाही. फक्त सगळं पद्धतशीर होऊ द्या."

पद्धत घुबडाला ठाऊक होती. मांजरांना एकमेकांची सवय लावून देणं हा त्याचा व्यवसाय. ते स्वतः ढोलीत एकटं राहायचं, त्यामुळे त्याचा अभ्यास दांडगा होता.

घुबड म्हणालं, "नवीला मागच्या खोलीत ठेवा. दार लावा. रोज तिचं अंग फडक्याने पुसा आणि ते फडकं जुन्यांना हुंगायला द्या. जुनी फिसकारायची थांबली की दार उघडा. घाई कराल तर पस्तावाल."

काकूंनी तसं केलं. मथीने फडकं हुंगलं आणि फिसकारली.

"परका वास येतो," ती म्हणाली.

दादूनेही हुंगलं. त्याला वास बरा वाटला. पण ताईकडे बघून तोही फिसकारला.

दुसऱ्या दिवशीही परका वास. आठवडा गेला तरी परका वास. कंटाळून जाईल निघून, असं म्हणत मथी मिशा चाटायची.

इकडे पिंगी आत एकटीच रडायची. काकूंचा जीव तीळतीळ तुटायचा. आधी त्या नुसत्या डोकावल्या. मग लेकरू एकटं आहे म्हणून दुपारच्या तिथेच टेकू लागल्या. मग पानांचा भारा आत गेला आणि पत्रावळी तिथेच लावणं सुरू झालं. पुढे थंडी पडली. पिंगीला गारठा बाधेल म्हणून काकूंनी मागच्या खोलीत चूल मांडली. दोन दोन चुली कोण पेटवत बसणार? पुढची विझली.

मथीच्या हे लक्षात यायला वेळ लागला. ती फिसकारण्यात गुंतली होती.

"ताई," दादू म्हणाला, "आपण बाहेर आहोत का गं?"

"गप्प बस. आपण जुने आहोत."

पण गार राखेपाशी बसून मथीला रडू आलं. तिला मांडी हवी होती, बाकी काही नको होतं. तिने जाऊन मागच्या खोलीचं दार खरवडलं.

"काकू, आजचं फडकं द्या बघू." तिने ते हुंगलं. "अगदी आपल्या घरचा वास. उघडा दार."

काकूंनी दार सताड उघडलं आणि परत चुलीपाशी जाऊन बसल्या. पिंगी त्यांच्या मांडीवर चढली. आता ती चांगली गुबगुबीत झाली होती. मथीने उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं मात्र, पिंगीने पाठीची कमान केली आणि फिसकारली.

काकू उठल्या. त्यांनी मथीला अलगद उचललं. मथीने डोळे मिटले. तिला वाटलं, मिळाली मांडी. काकूंनी तिला नेऊन पुढच्या खोलीत ठेवलं.

"राग नको धरूस मथे," काकू मायेने म्हणाल्या. "बुजली गं ती. तिला तू नवी ना! थोडे दिवस इथेच थांब. ये, तुझं अंग पुसून घेते."

दादू मघाशीच आत शिरून चुलीपाशी झोपला होता. त्याला हुंगायचं कुणाला सुचलंही नाही.

तात्पर्य: नव्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघू नये असं वाटत असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी घरचं म्हणावं. घरच्यांकडे कोण बघतं?