अर्ध्यावर अडकलेला झेंडा

परक्या देशात माणूस पाच महिन्यांत मुरतो का? मला विचारा! सप्टेंबरात मी जॉर्जियातल्या कुताइसीहून एका वर्षासाठी डेन्मार्कला आले, दुग्धशास्त्र शिकायला. जानेवारी संपेपर्यंत डॅनिश लोकांपेक्षा जास्त डॅनिश झाले होते! पावसात सायकल, दोन्ही वेळा काळा पाव, रिकाम्या रस्त्यावरही हिरव्या दिव्याची वाट बघणं. रडायचं तेसुद्धा उशीत तोंड खुपसून, शेजाऱ्यांना त्रास न देता. "एतेरी, तू आता इथलीच," असं मी रोज आरशात बघून म्हणायचे. रडू मात्र रोज यायचं, ते खोटं कशाला सांगू?

राहायचे ओडेन्से शहराजवळच्या खेड्यात, हेल्गेच्या घरी. हेल्गे बोटी बांधणारा सुतार, आता निवृत्त. त्याची बायको इंगर चार वर्षांपूर्वी वारली. इथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही नावाने आणि एकेरीत हाक मारायची असते. माझी जीभ काही वळेना! पहिले दोन आठवडे मी त्याला कशानेच हाक मारली नाही, काम असलं की नुसती खोकायचे. शेवटी त्याने औषधाची बाटली आणून दिली, तेव्हा कुठे तोंडातून "हेल्गे" निघालं.

संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसून सूप प्यायचो. तो गप्प, मी गप्प. त्याला एक मुलगा होता, फ्लेमिंग. दोन तासांवर राहायचा, पण आईला पुरून गेला तो परत आलाच नव्हता. का, तर आईचा पियानो हेल्गेने पंधरा दिवसांत देऊन टाकला, मुलाला न विचारता. त्यावरून बापलेकांचं जे तुटलं ते तुटलंच. भिंतीवर पियानोच्या मापाचा फिकट डाग होता. हेल्गे खुर्ची नेहमी त्याच्याकडे पाठ करून ठेवायचा.

तीन फेब्रुवारीला हेल्गेला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. इथे ऐंशी म्हणजे केवढा सोहळा! पण याने गावभर सांगून ठेवलं, "कोणी यायचं नाही. केक नाही, गाणी नाही, भाषणं नाही!"

मी गुपचूप फ्लेमिंगला फोन केला. "ऐंशी वर्षांचे होतायत ते. याल ना?"

"बघतो," तो म्हणाला. "बघतो"चा अर्थ जॉर्जियात जो होतो, तोच डेन्मार्कमध्ये होतो.

मला फार वाईट वाटलं. म्हणून ठरवलं, निदान झेंडा तरी लावायचा! इथे वाढदिवस असो, लग्न असो, पोरगं परीक्षा पास होवो, अंगणातल्या खांबावर झेंडा चढतो. हेल्गेचा खांब चार वर्षं रिकामा होता.

वाढदिवसाला सकाळी साडेसातलाच हेल्गे बस पकडून ओडेन्सेला पळाला. आधी वाचनालय, मग चष्मा, शेवटी दात. तोंड चुकवायचा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम! मोबाइल खणात. "हरवू नये म्हणून," असं तो म्हणायचा.

आठ वाजता मी झेंडा बांधला आणि दोरी ओढली. झेंडा ऐटीत वर निघाला आणि अर्ध्यावर थांबला. ओढलं, हिसके दिले, लोंबकळले, कुताइसीच्या बाजारातल्या दोन शिव्याही हासडल्या. दोरी वरही जाईना आणि खालीही येईना! माझी गाडी आठ पंचवीसची. म्हटलं, फडकतोय ना? मग झालं!

तुम्ही म्हणाल, अर्ध्यावरच्या झेंड्याचा अर्थ तुला कळू नये? कळतो हो! पण आमच्याकडे तो सरकारी इमारतींवर, कोणी बडी असामी गेली तर. सुताराच्या अंगणात सरकार कशाला येतंय? घरातलं माणूस गेलं की इथे घरच्याच खांबावर झेंडा अर्ध्यावर आणतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आल्यापासून गावात कोणी गेलंच नव्हतं ना!

दिवसभर मी चीजच्या प्रयोगशाळेत, फोन कपाटात बंद. इकडे समोरच्या गुड्रुनबाईंनी सव्वाआठला पडदा सरकवला आणि मटकन खाली बसल्या. हेल्गेकडे फोन केला, कोणी उचलेना. मग त्यांनी फ्लेमिंगला लावला आणि म्हणाल्या, "फार वाईट झालं रे, बाळा." त्याला वाटलं, यांनी डोळ्यांनी पाहिलंय. यांना वाटलं, त्याला कळवलेलं आहे. दोघंही रडले आणि फोन ठेवला. विचारलं कोणीच काही नाही!

साडेतीनला मी परतले. पायरीवर मेणबत्त्या, फुलं, दाराशी ओळीने अकरा जोड काळे बूट! मला कोण आनंद झाला! आले! नको नको म्हणाला तरी सगळे आले! मी धावतच आत गेले आणि दोन्ही हात पसरून इथल्या रीतीप्रमाणे ओरडले, "सगळ्यांचं अभिनंदन!"

पाच महिन्यांत नुसता हात मिळवणाऱ्या गुड्रुनबाईंनी मला छातीशी धरलं. "पोरीला धक्का बसलाय," त्या म्हणाल्या.

"छे हो! किती दिवस वाट बघत होते मी या दिवसाची!"

एक म्हातारे गृहस्थ दोन पावलं मागे सरकले.

"केकसुद्धा आणलात?" मी विचारलं. "गाणं कधी म्हणायचं?"

"अगं, हळू बोल," गुड्रुनबाई कुजबुजल्या. "मुलगा आलाय."

आणि खरंच, खिडकीपाशी फ्लेमिंग उभा होता. काळा कोट, सुजलेले डोळे, हातात घडी घातलेला कागद. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून बाकीच्यांनीही डोळ्यांना रुमाल लावले. इतकी छान पार्टी मी आयुष्यात पाहिली नव्हती!

तेवढ्यात दार उघडलं. हेल्गे! नवा चष्मा, काखेत पुस्तकं आणि भूल दिल्याने एका बाजूला लोंबणारा ओठ.

"कोणी यायचं नाही असं सांगितलं होतं ना?" तो गरजला.

गुड्रुनबाईंच्या हातातला केक धप्पकन खाली. फ्लेमिंगने खिडकीची कड धरली आणि तसाच जमिनीवर बसला.

हेल्गेने काळे कपडे पाहिले, मेणबत्त्या पाहिल्या. बाहेर जाऊन मान वर केली आणि परत आला.

"कोण मेलं?"

"तू," गुड्रुनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण तिथली जमीन लाकडी होती.

"दोरी अडकली," मी म्हटलं. "मी... वाढदिवसासाठी..."

फ्लेमिंग उठला. एवढा पन्नाशीचा माणूस, पण लहान मुलासारखा बाहीला नाक पुसत होता. "दोन तास गाडी चालवत आलो, बाबा! एकशे तीसच्या वेगाने! रडत!"

"एवढ्या वेगाने चालवू नये," हेल्गे म्हणाला. मग त्याची नजर कागदावर गेली. "ते काय आहे?"

"भाषण. तुझ्या... जाऊ दे."

"लिहिलंयस ना? मग वाच. लोक जमलेत. केकही आहे, थोडा जमिनीवर आहे इतकंच."

फ्लेमिंगने कागद उघडला. "माझे वडील हट्टी होते. आपलं चुकलं असं ते कधीच म्हणाले नाहीत..."

"पुढे."

"मी सहा वर्षांचा असताना त्यांनी मला समुद्रात पोहायला शिकवलं."

"खोटं!" हेल्गे म्हणाला. "तुझ्या आईने शिकवलं. मला पाण्याची भीती. मी काठावर टॉवेल घेऊन उभा असायचो."

"मला टॉवेलच आठवतो, बाबा."

हेल्गे चष्मा काढून पुसत राहिला. नवाकोरा चष्मा, त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं.

"तो पियानो," तो म्हणाला. "त्याचं बंद झाकण मला बघवत नव्हतं. तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं." ओठ बधिर असल्यामुळे शब्द फुटके येत होते, पण ते सगळ्यांना कळले. मग कोणीतरी वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. काळ्या कपड्यांतली अकरा माणसं, नाक ओढत, बेसूर! माझ्या रडण्याने शेजाऱ्यांना त्रास होईल, याची मला त्या दिवशी पर्वा राहिली नाही.

त्यानंतर फ्लेमिंग दर रविवारी येऊ लागला. दोघं अंगणात काहीबाही दुरुस्त करत बसायचे आणि त्यावरून कचाकचा भांडायचे. हेल्गे आता खुर्ची कशीही ठेवायचा. गावाने मात्र माझं नावच "अर्धा झेंडा" पाडलं. बेकरीत गेले की बाई विचारायच्या, "काय गं, आज सगळे जिवंत ना?"

मेमध्ये एका मंगळवारी सकाळी हेल्गे सूप प्यायला बसायचा त्या खुर्चीतच बसलेला दिसला. मी हाक मारली. मग नुसती खोकले. मग हात धरला, तर तो गार होता.

डॉक्टर येऊन गेले. मी अंगणात गेले. आता सगळं पाठ होतं मला. झेंडा आधी पार टोकापर्यंत न्यायचा, मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. तसाच आणला.

समोरची खिडकी उघडली. गुड्रुनबाई पोट धरून हसत होत्या. "एतेरी! पुन्हा? थांब, शिडी आणते!" सायकलवरून जाणाऱ्या दोघांनी घंटी वाजवली आणि हात हलवले. मीही हात हलवला. दुसरं काय करणार होते? 'गेला' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

फ्लेमिंगला फोन लावला. "झेंडा अर्ध्यावर आहे," एवढंच म्हटलं.

तो खो खो हसत सुटला. "अगं बये! आज कोणाचा वाढदिवस? दे हिसका, येईल वर!"

मी गप्प राहिले. तो अजून थोडा हसला. मग त्याचं हसू कमी कमी होत गेलं.

"एतेरी," तो म्हणाला, "ईस्टरला नवी दोरी मीच बसवली. ती अडकत नाही."