टाकीची गोधडी

महाळुंग्याच्या हिंदुरावांनी टाकीला गोधडी शिवली. आणि टाकी कसली, तर संडासाची! हसू नका. तिकडं कॅनडात थंडी पडली की टाकीतला मैलाच गोठतो, मग घरातल्यांनी जायचं कुठं? हिंदुरावांच्या शेडमध्ये आजवर कंपन्यांसाठी पत्र्याची झाकणं निघायची, तीही दुसऱ्याच्या नावानं. आता जाड फोमची, वरून रबरी कापड शिवलेली गोधडी त्यांच्या स्वतःच्या नावानं सातासमुद्रापार जाणार होती. अट एकच, खरेदीदारांच्या तनुजा मॅडमनी ती पास करायला हवी. नापास झाली, तर पुन्हा झाकणं.

"आप्पा, एवढी थंडी चाकणात आणायची कुठून?" मुलानं, जयदीपनं विचारलं.

"दत्तोबाच्या कोल्ड स्टोरेजात. मटाराशेजारची खोली रिकामी हाय."

"संडासाची टाकी म्हटल्यावर ते देतील?"

"मी नुसतं टाकी म्हनलो. कशाची ते त्यानं इचारलं न्हाई."

जयदीप टाकीत साधं कोमट पाणी भरणार होता. हिंदुराव भडकले. "जल्मात कधी दुधात पानी घातलं न्हाई आमी, अन् हितं नुसतं पानीच? माल अस्सल पायजे." मैला उपसणारी गाडी गाठून त्यांनी अस्सल माल भरून घेतला. वर विरजण म्हणून गोठ्यातलं बादलीभर ताजं शेण घातलं.

शेडमधला पहिला नग पूजेशिवाय कधी कामाला लागत नसे. गोधडी गुंडाळलेली टाकी खोलीत बसल्यावर हिंदुरावांनी तिला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. झाकणावर गॅस जायला उभी नळी होती. तिचं तोंड पाहून त्यांना कलशच दिसायला लागला. त्यांनी आंब्याची पानं लावली आणि शेंडी वर करून नारळ बसवला. असा चपखल बसला, की बघत राहावं! हलू नये म्हणून वरून दोन बुक्क्याही हाणल्या.

आठवडा उलटल्यावर मॅडम आल्या. दत्तोबाही कौतुकानं आत आला. हिंदुराव माकडटोपी घालून नवरदेवाच्या बापासारखे पुढं उभे.

"हा नारळ कशाला?" मॅडमनी विचारलं.

"पैलाच नग हाय मॅडम. पूजा केली."

"बरं. पण मग गॅस कुठून बाहेर पडतो?"

"त्या नळीतनं."

"नळीत तर नारळ आहे."

हिंदुरावांनी जयदीपकडं पाहिलं, जयदीपनं टाकीकडं. लग्नातलं जेवण बाधल्यावर पोटात गुरगुरतं, तसं आत गुरगुरत होतं.

"मॅडम, आपण बाहेर चहा घेऊ," जयदीप म्हणाला, आणि चौघंही पळतच बाहेर आले. दार लागलं आणि आत धडाम्! नारळ छतावर आदळला, त्याच्यामागोमाग अस्सल माल गेला.

"हिंदुराव," दत्तोबा नाक दाबून म्हणाला, "टाकी कशाची हाय?"

"आता इचारतोस व्हय?"

पण बोलताना त्यांचा आवाज पडला होता. डोळ्यांपुढं झाकणं नाचत होती. एवढ्या हौसेनं शिवलेली गोधडी आपणच घालवली, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अर्ध्या तासानं मॅडमनी ओढणी नाकाला बांधली, दार उघडलं आणि आत गेल्या. भिंतीला बोट लावलं, टाकीत थर्मामीटर सोडला.

"बाहेर उडालं ते दगडासारखं गोठलंय. आतलं अजून कोमट आहे. पाणी भरलं असतं तर एवढी खात्री पटली नसती," त्या म्हणाल्या. "गोधडी पास. नारळ मात्र पाठवू नका."

हिंदुरावांची छाती अशी फुगली की स्वेटरचं बटण तुटलं. आनंदाच्या भरात ते दत्तोबाला मिठी मारायला धावले. दत्तोबा चार पावलं मागं सरला.

"अभिनंदन. अन् माझ्या भिंती?"

थंडी बंद केली असती, तर सगळं वितळून मटाराकडं निघालं असतं. तेव्हा गोठलेलंच खरवडायला हवं होतं. बाप-लेक शिडी लावून छताला भिडले. तेवढ्यात हिंदुरावांच्या मेहुण्याचा, मालोजीचा फोन आला.

"दाजी, कुठं हाय? ठकठक कसली चाललीय?"

"एक्स्पोर्टच्या कामात हाय रं," हिंदुराव ऐटीत म्हणाले. "ह्यातलं आपल्या गावात दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाई." आणि टोपी नाकापर्यंत ओढून त्यांनी छन्नी पुन्हा छताला लावली.