सासूबाईंचा गुडघा आणि फुकटचं ऊन

सूर्य फुकट आहे, तलाव माझा आहे आणि डोकं शाबूत आहे. मग पाणी गरम व्हायला अडचण कसली? जूनमधल्या एका रविवारी भर जेवणात मी हे जाहीर केलं. टाळ्या पडल्या नाहीत. बायकोनं, म्हणजे ओडीलनं, बटाटे पुढे सरकवले.

उत्तरेकडच्या आमच्या सागने गावात मे महिन्यातही कुंपणाच्या सावलीला बर्फ टिकून असतो. तरी इथं घरटी एक पोहायचा तलाव आहेच! परसात पत्र्याचा गोल तलाव उभा करायचा आणि सगळा उन्हाळा पोहण्यापेक्षा पाणी किती गार आहे यावर बोलण्यात घालवायचा, ही आमची रीत. पण या वर्षी गोष्ट चेष्टेची नव्हती. हिवाळ्यात आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या सासूबाई, बर्नाडेट, चर्चच्या पायरीवर घसरल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, कोमट पाण्यात रोज चालवा. गावातला कोमट पाण्याचा तलाव नेमका दुरुस्तीसाठी बंद! आणि जुलैअखेर त्यांच्या नातीचं, आमच्या लेकीचं, मायेलीचं लग्न.

"वॉकर ढकलत मी चर्चमध्ये जायची नाही," सासूबाईंनी बजावलं होतं. "माझ्या पायांनी जाईन, नाहीतर घरी बसेन."

त्या बोलल्या म्हणजे झालं. मायेली त्या रात्री रडली होती.

"आई, तुमच्यासाठी तलाव मी तापवतो. अठ्ठावीस अंश! विजेचा थेंब न वापरता!" मी म्हणालो.

"विजेचा थेंब नसतो, दाजी," मेव्हणा गाएताँ म्हणाला. तो शेजारीच राहतो, आणि त्याच्या तलावाला तापवायचं विजेचं यंत्र आहे. "माझ्या तलावात आण की आईला."

"तुझ्या तलावाला शिडी कसली आहे ती बघ. माकड पडेल त्यावरून," सासूबाई म्हणाल्या. "माझा जावई करतोय ना? करू दे."

या विश्वासानं माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं!

पुढच्या शनिवारी अवजारांच्या शेडच्या छपरावर मी काळ्या नळ्यांची भली मोठी चटई अंथरली. पंप तलावातलं पाणी वर चढवणार, ऊन ते तापवणार, तापलेलं पाणी खाली येणार. साधं गणित. पाण्यावर फुग्याफुग्यांचं निळं आच्छादन घातलं आणि तापमान दाखवणारं प्लॅस्टिकचं बदक सोडलं. सासूबाईंनी आपला वाटा उचलला. त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीवर जपमाळ टांगली. इथं लग्नाला ऊन हवं असलं की जपमाळ दोरीवर टांगतात. आमच्या लग्नातही टांगली होती.

"लग्नाला अजून खूप अवकाश आहे, आई!"

"तुझ्या नळ्यांना ऊन आत्तापासून लागणार ना? मग?"

आणि काय सांगू, ऊन पडलं! असं कडकडीत ऊन सागनेनं वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मी बांधकामावर क्रेन चालवतो. दिवसभर उंचावर त्या उन्हात भाजत मी मनातल्या मनात तलाव तापवत होतो. संध्याकाळी धावत घरी येऊन बदक पाहायचो.

सतरा.

दुसऱ्या दिवशी सतरा. आठवडाभरानं सतरा! पंप गुरगुरतोय, नळ्या काळ्याकुळकुळीत, आभाळ स्वच्छ, आणि बदक ढिम्म! मी नळ्या धुतल्या. पंप खोलून पुन्हा बसवला. बदक बदललं. नवं बदक सोळा म्हणालं.

"दाजी, लिंबू पिळू का? सरबत तरी होईल!" कुंपणापलीकडून गाएताँ ओरडायचा.

मला हसू येत नव्हतं. सासूबाई खुर्चीत बसून माझ्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "उद्या होईल हो, कॉनराड." ओडीलनं त्यांना काडी उचलायची बंदी केली होती. पाणी प्यायला उठल्या तरी ती ओरडायची. पुन्हा पडतील या भीतीनं तिची झोप उडाली होती, आणि मी तिला रोज कोमट पाण्याचं आश्वासन देत होतो. मला माझीच लाज वाटायला लागली.

जुलैच्या मध्यावर आमच्याकडे साऱ्या प्रांतातली बांधकामं दोन आठवडे बंद असतात. सुट्टीच्या पहिल्या दिवशी ओडील औषधांच्या दुकानात कामावर गेली आणि मी उशिरापर्यंत लोळत पडलो. धुण्याच्या दोरीच्या कप्पीच्या कुरकुर आवाजानं जाग आली. खिडकीतून पाहिलं तर शेडच्या छपरावर गडद सावली! नळ्यांवर उन्हाचा कवडसासुद्धा नाही. वर, गॅलरीपासून शेडवरून जाणाऱ्या दोरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चादरी, पडदे, गोधड्या आणि पाहुण्यांसाठी काढलेली लोकरी पांघरुणं झेंड्यांसारखी फडकत होती!

मी तसाच मागच्या गॅलरीत धावलो. तिथं सासूबाई! वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर चिमट्यांची पिशवी. त्या वाकून टोपलीतून चादर घेत होत्या, टाचा उचलून दोरीला लावत होत्या, कप्पी ओढत होत्या. आणि पुन्हा वाकत होत्या.

"आई!!"

त्यांनी दचकून कठड्याला धरलं. "ओडीलला सांगू नकोस," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "असं ऊन पडलंय आणि धुणं घरात ठेवायचं? ती यायच्या आत मी सगळं काढून घेते."

"रोज?"

"रोज. पहिल्या दिवशी दोन टॉवेलांत दम लागला होता. आता गोधडी लावते!"

छपराकडे बोट दाखवून ओरडायचं होतं मला. पण ही बाई वॉकरशिवाय उभी होती. दोन्ही पायांवर! मी गोधडीचं दुसरं टोक धरलं.

"आणि तुझ्या तलावाचं काय?" त्यांनी विचारलं. तेव्हा कुठे त्यांनी खाली छपराकडे पाहिलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अरे देवा! सावली माझी?"

"तुमचीच. चिमटा द्या."

त्या दिवसापासून आमचा दोघांचा कट सुरू झाला. त्या धुणं घालायच्या, मी टोपली उचलायचो. दुपारी मी त्यांचा पोहायचा पोशाख तलावात बुचकळून दोरीवर टांगायचो. ओडील आली की विचारायची, "पाणी कसं होतं, आई?"

"सूपासारखं!" सासूबाई बेधडक सांगायच्या. गार सूपही असतं, असं त्यांनी मला नंतर समजावलं. बदक मी खिशात घातलं. ओडीलला क्लोरीननं खाज सुटते, त्यामुळे ती पाण्याच्या वाटेला गेली नाही. फिजिओथेरपिस्टनं गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाली, "उत्तम! पाण्याचा फारच उपयोग झालाय. चालू ठेवा." मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो.

लग्नाच्या दिवशी लख्ख ऊन होतं. सासूबाई मायेलीचा हात धरून, चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत, आपल्या पायांनी चालत गेल्या. गाएताँ, माझ्या टवाळ्या करणारा गाएताँ, रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होता. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

मेजवानी आमच्या परसात होती. जेवणं झाली आणि सासूबाई पेला उंचावून उभ्या राहिल्या. एका पेल्यावर थांबायला हवं होतं त्यांनी. "मी चालले ते माझ्या जावयामुळे! त्याच्या तलावामुळे!"

सगळे माझ्याकडे वळले. गाएताँ उठला, मला कडकडून मिठी मारली. "दाजी, मी तुला फार बोललो. चुकलो मी," तो म्हणाला आणि बूट काढायला लागला. "चला रे! सूपात!"

"थांब! आत्ताच जेवलास!" मी ओरडलो. "गाएताँ, नवा सूट आहे!"

कोण ऐकतंय? तो शिडी चढला, त्याच्यामागे नवरामुलगा, मागून त्याचे तिन्ही काका. आच्छादन भिरकावलं गेलं. धप्प! धप्प! धप्प!

मग अशी किंकाळी उठली की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं!

निळे पडलेले पाच पुरुष शिडीसाठी एकमेकांना ढकलत होते. ओडीलनं त्यांच्याकडे पाहिलं, मग दोरीकडे. तिथं टपटपता पोशाख होता. मेजवानीच्या गडबडीत मी सवयीनं तोही टांगला होता. मग तिनं आईकडे पाहिलं.

"आई, तू एकदा तरी पाण्यात उतरलीस?"

"धुणं घालत होते," सासूबाई हळूच म्हणाल्या. "कॉनराडचा दोष नाही."

मला वाटलं, आता भर लग्नात आमच्या दोघांची खैर नाही. ओडील घरात गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चिमट्यांची पिशवी होती. ती तिनं आईच्या हातात दिली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कडकडीत ऊन पडलं. सासूबाईंनी दोरीवर पाच कोट, पाच विजारी आणि पाच सदरे घातले. छपरावर संध्याकाळपर्यंत सावली होती. मी मुकाट्यानं खाली गेलो आणि पंप बंद केला.