डागवाल्या चिमणीची फत्ते

पाखरू मुठीत मावेल एवढे, आणि त्यापायी रण माजले शहराएवढे, तो मजकूर साद्यंत ऐकावा. उत्तरेच्या थंड मुलुखातून एक लहानशी चिमणी दर हिवाळ्यास शहराच्या बागांत उतरते. दिसण्यास चारचौघींसारखीच, परंतु छातीवर मधोमध एकच काळा डाग, हीच तिची निशाणी. तीस हुडकण्याचा विडा लाँड्रीवाले दाजी यांणी उचलिला आणि दोन वेळा "सापडली!" म्हणोन आरोळी ठोकिली, आणि दोन्ही वेळा पक्षी पाहणारी मंडळी धापा टाकीत आली तों साधीच चिमणी निघाली. मग मंडळीचे सरलष्कर, दाजींचे मेहुणे औषधवाले, यांणी फर्मान काढिले की, तिसरी हाक खोटी ठरल्यास आम्ही उसनी दिलेली दुर्बीण जप्त व्हावी आणि दाजींनी सकाळचे दुकानातच बसावे.

दाजींचे तोंड उतरले. दुर्बिणीवाचून सकाळ म्हणजे नुसती इस्त्री. तें पाहोन त्यांची बायको, मेहुण्यांची थोरली ताई, "मीही येते, तुमचं एकट्याचं काही खरं नाही," ऐसे बोलोन सपाता चढवोन कूच करती जाहली.

बागेतील घसरगुंडीमागे मोर्चा बांधोन दाजींनी दुर्बीण लाविली, आणि पाहतात तों चिमणीस डाग, कबुतरास डाग, बाकास डाग, आणि झाडूवाल्या मामांच्या पाठीवरही डाग! "अगं, पलटणच आली!" म्हणोन हाक घालणार, तों ताईंनी दुर्बीण हिसकोन काच न्याहाळिली.

"अहो, जगाचे डाग काढता, आणि हा चहाचा शिंतोडा दिसला नाही?"

मग काचेवर फुंकर घालोन रुमाल फिरविला, आणि कबुतर उजळले, बाक उजळला, मामा निष्कलंक जाहले, आणि अवघी पलटण गारद. इतक्यात गवतातून वाऱ्यावरच्या पानासारखे एक इवलेसे पाखरू उठोन कुंपणावर बसले, आणि छातीवर डाग! ताईंनी काच पुसली, डाग राहिला. पुन्हा पुसली, राहिला.

तेव्हा दाजी हलकेच बोलिले, "राहू दे. हा निघायचा नाही."

आरोळी न ठोकिता नुसता हात हालविला. बागेच्या फाटकाशी टेहळीत उभे सरलष्कर चवड्यांवर आले, डोळा लाविला, आणि कबूल जाहले, "दाजी, डाग आहे बुवा!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. दुर्बीण दाजींस कायम बहाल. पाखरू न धुता, न इस्त्री करिता, डागासुद्धा सुखरूप सोडिले. काच पुसण्याची सनद ताईंस तहहयात मिळाली. "म्हणजे इथंही धुणंच का!" ऐसे त्या कडाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी दाजींच्या आधी सपाता घालोन दारात उभ्या.