तांबड्या बोक्याचा नालायक मालक

"असल्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे!" बाजीराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये कडाडले.

मीटररूमच्या दारात एक तांबडा बोका बसला होता. नुसती हाडं आणि कातडं, एका कानाचा तुकडा गेलेला, नजर मात्र बाजीरावांवर खिळलेली.

"कोनीतरी सोडलाय, काका," सेक्रेटरी हरेश म्हणाला. "गोनीत घालतो नि पनवेलच्या मच्छी मार्केटला सोडून येतो. तिथं त्याची चंगळ हाय."

"खबरदार! अरे, हा माणसाला भीत नाही, म्हणजे पाळलेला आहे. कुणीतरी नालायकानं लाड केले आणि कंटाळा आल्यावर दिला रस्त्यावर सोडून. लाज कशी वाटत नाही?"

बाजीरावांचा संताप उगाच नव्हता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हेडक्लार्की करून निवृत्त झालेल्या या माणसाच्या घरीही एक तांबडा बोका होता, बटाट्या. गेल्या दिवाळीत तो फटाक्यांना घाबरून पळाला, तेव्हा बाजीरावांनी सगळं कामोठे पालथं घातलं आणि शेवटी एका भाजीच्या गाडीखालून त्याला उचलून आणलं. "बाबा, डॉक्टरांकडे नेऊन त्याच्या मानेतली ओळखीची चिप तपासून घ्या," पुण्याहून लेक क्रांती फोनवर म्हणाली, तर हे तिच्यावरच उखडले. पोटचं पोर घरी आणताना त्याचं आधार कार्ड कुणी बघतं का?

आणि तपासायचं काय होतं? बटाट्या उलट सुधारूनच आला होता. आधी जवळ घेतलं की ओरबाडायचा, आता बाजीरावांच्या बायकोच्या, चांगुणाबाईंच्या मांडीवरून हलत नव्हता. लेक पुण्याला गेल्यापासून गप्प झालेल्या चांगुणाबाई आता दिवसभर त्याच्याशी बोलायच्या. भीतीनं त्याला अक्कल आली, असं बाजीरावांनी ठरवून टाकलं होतं.

पार्किंगमधला बोका दुसऱ्या दिवशी जिना चढून थेट बाजीरावांच्या दारात येऊन बसला. दार उघडताच आत शिरला आणि तांदळाच्या डब्यामागं जाऊन निजला.

"बघितलंस?" बाजीराव भारावून म्हणाले. "न्याय कुठं मिळतो, ते मुक्या जनावराला बरोबर कळतं."

"न्यायाचं ऱ्हाऊ द्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "डब्यामागची जागा कशी काय ठाव त्याला?"

बाजीरावांनी ते ऐकलंच नाही. ते सोसायटीच्या ग्रुपवर लिहीत होते, 'या बोक्याचा निर्दयी मालक शोधून त्याचे नाव सर्वांसमोर जाहीर करण्यात येईल.' खाली एकवीस अंगठे आले. त्यांना आणखी चेव चढला. साक्षीदार म्हणून हरेशला घेऊन ते बोक्यासह डॉक्टर भाविकांच्या दवाखान्यात धडकले.

डॉक्टरांनी बोक्याच्या मानेवरून यंत्र फिरवलं. यंत्र टुकटुकलं. "चिप आहे. आमच्याच दवाखान्यात बसवलेली दिसतेय. थांबा, मालकाचा नंबर निघतोय, लावते."

"लावा! आणि स्पीकरवर टाका!"

तेवढ्यात बाजीरावांच्या खिशातला फोन वाजला. "या लोकांना वेळकाळ नाही," म्हणत त्यांनी न बघताच तो कट केला.

"कट केला त्यांनी," डॉक्टर म्हणाल्या.

"बघ हरेश! केवढा निर्लज्ज! तोंड दाखवायला जागा नाही ना! परत लावा, मॅडम."

डॉक्टरांनी परत लावला. खिसा परत वाजला. या वेळी हरेशनंच हात घालून फोन बाहेर काढला, स्क्रीन बघितली, मग डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, चौकात कवा उभं ऱ्हायाचं?"

बाजीरावांनी बोक्याकडं निरखून पाहिलं. हा बटाट्या? मग घरी मांडीवर बसलाय तो कोण?

संध्याकाळी चांगुणाबाई त्यालाही दवाखान्यात घेऊन आल्या, पदरात गुंडाळून. त्याच्याही मानेत चिप निघाली. नाव टायगर, मालकीण नमिता, राहणार खांदेश्वर.

"मी न्हाई द्यायची," चांगुणाबाईंचे डोळे भरून आले. "लेक चिप तपासा म्हनत व्हती, तवा तुमाला सुचलं न्हाई. आन आता माझं लेकरू काढून घेताय?"

"अगं, त्या बाईचा जीव किती तळमळत असेल!" बाजीरावांनी मन घट्ट करून नंबर लावला. "मॅडम, तुमचा टायगर आमच्याकडं आहे."

"काय फालतूपणा लावलाय?" पलीकडून आवाज चढला. "टायगर इथं माझ्यासमोर झोपलाय! दिवाळीत हरवला होता, पण आम्ही स्वतः शोधून आणला. आल्यापासून इतका गुणी झालाय म्हणून सांगू!"

"हो, पण मॅडम, एकदा त्याची चिप—"

चांगुणाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. टायगरनं झोपेतच त्यांच्या कुशीत आणखी डोकं खुपसलं.

"चिप? आमचं मांजर आम्हाला ओळखता येत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" बाई कडाडल्या. "स्वतःची मांजरं सांभाळता येत नाहीत आणि लोकांना फोन करतात!"

बाजीरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि घसा खाकरला.

"अगदी बरोबर बोललात, मॅडम," ते म्हणाले. "हल्ली लोक फार बेजबाबदार झालेत." आणि त्यांनी फोन बंद करून टाकला.